दीड सुती नळी

गाडी म्हातारी झाली की तिचे दुखणे सहसा कानांना कळते. इंजिन खोकते, सायलेन्सर गुरगुरतो, दारे कुरकुरतात. ब्रेकच्या नळ्यांना मात्र वाचा नसते. गाडीच्या पोटाखालून चाकांकडे गेलेल्या या बारीक पोलादी नळ्यांवर चिखल बसतो, चिखलाखाली ओल राहते आणि ओलीत गंज आपले काम निमूटपणे करीत असतो. आमच्या बेळगावच्या पावसातदेखील हे घडते. घाटाखाली कारवार-गोव्याच्या खाऱ्या हवेत नांदलेल्या गाडीची तर गोष्टच निराळी. अशी नळी बहुधा फुटते ती नेमकी करकचून ब्रेक दाबला असता, कारण तिच्यावर सर्वाधिक दाब तेव्हाच येतो.

अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी गेली. तरीही वडिलांची गाडी म्हणून ती जपणारी घरे आमच्या परिचयात आहेत. तयार वळवलेली नळी हवी तेव्हा मिळत नाही, आणि मग घरातील हौशी चिरंजीव विचारतात, ‘नळी आपणच केली तर?’ करता येते. मात्र हत्यारे कोणती आणि हात कुठे आवरावा, हे आधी समजून घेतले पाहिजे.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. त्याच नियमाने पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो. जोराच्या ब्रेकला नळीतील दाब दर चौरस इंचास हजार पौंडांहूनही अधिक होतो. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते, तेथे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. ब्रेकला मराठीत ‘गतिरोधक’ म्हणावे, तर तो शब्द रस्त्यावरच्या उंचवट्याने केव्हाच पळविला आहे. म्हणून आम्हीही ब्रेकच म्हणतो.

बहुतेक जुन्या गाड्यांत ही नळी बाहेरून ३/१६ इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दीड सूत, जाडीची असते. ती ब्रेकसाठीच बनवलेली पोलादी घ्यावी, किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची. ही दुसरी गंजत नाही आणि हाताला मऊ लागते. धोका तिसऱ्या नळीचा. फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडील तांब्याची नळी दिसायला तशीच, स्वस्त आणि हाताशी असते. पण साधे तांबे हादऱ्यांनी कडक होत जाते व अखेर तडकते. ती ब्रेकला लावू नये.

फ्रीजवाल्यांच्या हत्यारासंबंधीही हेच सांगावे लागते. ते नळीचे तोंड कर्ण्यासारखे एकदाच पसरवते. ब्रेकच्या पोलादी नळीला एकेरी कर्णा पुरत नाही, त्याची कड चिरते. तेथे तोंड आत दुमडून दुपदरी करावे लागते. त्यासाठी दुहेरी फ्लेअरचा संच मिळतो: भोके असलेली दुभंगी पट्टी, टोकाला शंकू असलेला स्क्रू आणि मापामापाच्या छोट्या गुंड्या. याखेरीज चाकाचा नळी-कटर, आतली कड साफ करणारे रीमर, खाचेची कप्पी असलेले वाकवण्याचे हत्यार आणि नटाला चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर-नट पाना. साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे झिजतात; मग जी ओढाताण होते ती पाहवत नाही.

जुनी नळी शक्य तो अखंड काढावी, म्हणजे तीच नमुना होते. तिच्या वळणावळणाने तार फिरवून लांबी घ्यावी आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी थोडी अधिक ठेवावी. कटर सावकाश फिरवावा. करवतीने कापलेले तोंड तिरपे होते आणि तिरप्या तोंडाची दुमड कधीच सरळ येत नाही. नंतर कड आतबाहेर साफ करून कीस झटकून टाकावा. आता नट नळीवर चढवावा, तोही योग्य दिशेने. सुरेख दुमड झाल्यावर नट टेबलावरच राहिल्याचे ध्यानात येणे, हा या विद्येतील नित्याचा विनोद आहे.

नळी पट्टीत घट्ट आवळताना गुंडीच्या काठाच्या उंचीइतकीच वर ठेवावी. थोडे तेल लावून गुंडी तोंडात बसवावी व स्क्रूने पट्टीला टेकेपर्यंत दाबावी. कड आत वळते. मग गुंडी काढून शंकू बेताने दाबला की ती वळलेली कड आत बसून दुपदरी होते. जोर फार झाला तर पत्रा पातळ होतो. भेग, ओरखडा, एका बाजूला कललेली कड, यांपैकी काहीही दिसले तर ते टोक कापून टाकावे. पहिल्या आठ-दहा दुमडी रद्दी तुकड्यांवर कराव्यात आणि टाकून द्याव्यात, असा आमचा आग्रह आहे. काही गाड्यांत दुमडीऐवजी बुडबुड्यासारखा फुगवटा असतो. एकाच्या जागी दुसरे चालत नाही, म्हणून जुने तोंड पाहूनच ठरवावे. नटाचे आटेही जुन्याशी ताडून घ्यावेत.

नळी रॉकेलने किंवा इंजिन ऑइलने धुऊ नये. त्याने ब्रेकमधील रबरी वायसर फुगतात. ताजे ब्रेक ऑइलच वापरावे. फोडून ठेवलेली बाटली हवेतील ओल पिते, म्हणून ती नको; रंगावर सांडले तर रंग उतरतो. चाकाजवळची लवचिक रबरी नळी घरी करण्याचा विचारही करू नये, ती तयारच आणावी. मधला तुटका भाग कापून डाख देणे किंवा पितळी रिंगचा जोड बसवणे यालाही आमचा साफ विरोध आहे. आणि नव्या एबीएसच्या गाडीत अडकलेली हवा काढण्यास पुष्कळदा कारखान्यातील यंत्रच लागते. ती गाडी तेथेच न्यावी.

हवा काढून झाल्यावर एकाने पेडल मिनिटभर नेटाने दाबून धरावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा कागद ओला झाला, तर गाडी जागची हलवू नये. कागद कोरडा निघाला तरी फाटकाबाहेर नेण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला ते जोड दाखवावेत. आठ दिवसांनी गाडीखाली पुन्हा एकदा कागद घेऊन जावे.