२८चा हिशेब आणि एक बंद दार

मंत्रांचे नियम 'बॅलन्स' करायचे म्हटलं की आपण इंजिनिअर लोक पहिल्यांदा काय उघडतो? एक्सेल. मीही तेच केलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आमच्या शनिवारच्या खेळासाठी काही घरगुती मंत्र बनवायचे होते. २०१४ च्या नियमांतला 'फायरबॉल' मोजपट्टी म्हणून धरला : तिसरी पातळी, आठ फासे, सरासरी नुकसान २८. याच्या वर कुणी जायचं नाही. सगळे सेल हिरवे झाले, मी खूश.

त्या हिरव्यागार शीटने आमचा एक खेळाडू मारला. पात्र नव्हे हो, खेळाडू!

तो चोर खेळायचा. (मूळ शब्द 'रोग' आहे, पण मराठीत लिहिला की दवाखाना आठवतो.) 'नॉक' नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे, त्याने कुलूप उघडतं. पण उघडताना असा दणका होतो की ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. मला वाटलं, ही उगाच नाटकी सजावट. माझ्या आवृत्तीतून ती ओळ उडवली. नुकसान शून्य, म्हणजे धोका शून्य! त्या रात्री चार कुलपं आली, चारही विझर्डने चुटकीसरशी उघडली. चोर आधी वेफर्स खात बसला, मग मोबाईलवर स्कोअर बघत.

ती ओळच तर बॅलन्स होती. दार गुपचूप उघडायचं तर चोर, घाईत उघडायचं तर विझर्ड. दोघांनाही काम.

जुन्या लोकांना हे कळत होतं. १९७० च्या दशकातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' नियमांत 'हेस्ट' मंत्राने वेग मिळायचा, पण आयुष्याचं एक वर्ष जायचं. फायरबॉल जागा भरेपर्यंत पसरायचा, म्हणजे अरुंद भुयारात टाकलात तर तुम्हीच भाजून निघाल. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने असल्या 'कटकटी' साफ केल्या. मग विझर्ड अदृश्य होऊन, उडत, दुप्पट वेगाने सगळ्यांचीच कामं करू लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलट टोक गाठलं : सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती. गणित चोख, पण विझर्ड आणि योद्धा सारखेच वाटतात म्हणून अनेकजण वैतागले. २०१४ मध्ये 'कॉन्सन्ट्रेशन' आलं. अदृश्य होणं, उडणं, हेस्ट यांपैकी एका वेळी एकच धरता येतं, आणि मार बसला तर तेही सुटू शकतं. एकाही फाशाला हात न लावता निम्मा प्रश्न सुटला.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, "अरे, खेळ आहे, डीएम सांभाळून घेईल." वा! म्हणजे बग तसाच ठेवायचा आणि दर शनिवारी रात्री कुणीतरी प्रॉडक्शनमध्ये पॅच मारत बसायचा. ऑफिसात हेच केलं तर आपण शिव्या घालतो की नाही?

असो. शीटमध्ये आता एक नवीन कॉलम टाकलाय : 'हा मंत्र कुणाचं काम खातो?' तो भरताना बावीसपैकी नऊ मंत्र लाल झाले. ३०० फुटांचा दणकाही परत आणलाय.

चोराला तसा मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "येतो शनिवारी. पण या वेळी विझर्ड घेतोय."