सोडवणाराच कैदेत

डिसेंबर १९७४. निकाराग्वात सोमोसा घराण्याची हुकूमशाही होती. ह्यूगो तोरेस आणि त्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या त्यांच्या सँडिनिस्टा क्रांतिकारक साथीदारांनी एका बड्या असामीच्या घरच्या मेजवानीवर छापा घातला, पाहुण्यांना ओलीस धरले आणि बदल्यात राजकीय कैदी सोडवून घेतले. त्या कैद्यांत दानिएल ओर्तेगा होते. जून २०२१ मध्ये याच ओर्तेगांच्या सरकारने तोरेस यांना अटक केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते कैदेतच वारले.

ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते. तोरेस परके नव्हते. क्रांतीसाठी त्यांनी जीव पणाला लावला होता. पण पक्ष म्हणजे टोळी झाली की जुनी पुण्याई चालत नाही, आजची हुजरेगिरी लागते. तोरेस यांना अटक झाली त्याच वर्षी, २०२१ मध्ये, अध्यक्षपदाचे इच्छुक उमेदवार एकामागून एक गजाआड गेले आणि ओर्तेगा पुन्हा ‘निवडून’ आले. २०२३ मध्ये २२२ कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला धाडले, त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पाठोपाठ आणखी ९४ जणांचे. त्यांत सर्जिओ रामिरेस होते. सर्व्हान्टेस पुरस्काराचे मानकरी आणि एकेकाळी ओर्तेगांचेच उपाध्यक्ष!

हे सारे घडत असताना टाळ्या वाजवणारेही होतेच. आम्हाला भीती त्या टाळ्यांची वाटते. वाचकहो, आपल्या आवडत्या नेत्याने विरोधकाला विनाचौकशी डांबले, तर तुम्ही काय म्हणाल? आम्हाला जरूर लिहा.