‘जलाश्व’चा वारसदार कोण?

सैन्य समुद्रापार नेणे ही एक बाब, आणि ते बंदर नसलेल्या किनाऱ्यावर रणगाड्यांसह उतरविणे ही सर्वस्वी वेगळी बाब. ही दुसरी क्षमता मोठ्या प्रमाणावर देणारे भारतीय नौदलाकडे एकच जहाज आहे : ‘आयएनएस जलाश्व’. आणि त्याने वयाची पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे.

१९७१ मध्ये ‘ट्रेंटन’ या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झालेले हे जहाज भारताने सुमारे ४.८ कोटी डॉलरना विकत घेतले. जून २००७ मध्ये ते ‘जलाश्व’ झाले. सुमारे १७ हजार टनांच्या या जहाजाच्या पोटात पाण्याने भरता येणारी गोदी आहे. मागील दरवाजा उघडला, की जवान व रणगाडे घेतलेल्या छोट्या नौका तेथूनच तरंगत बाहेर पडतात. सुमारे एक हजार सैनिक आणि हेलिकॉप्टरेही ते वाहून नेते.

हा सौदा स्वस्त होता, पण निर्वेध नव्हता. महालेखापालांनी २००८ च्या अहवालात खरेदीवर कठोर ताशेरे ओढले. जहाजाच्या आक्रमक वापरावरील निर्बंध आणि हस्तांतरित सामग्रीच्या तपासणीचा अमेरिकेला दिलेला अधिकार यांवर त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत जहाजावर झालेल्या वायुगळतीत एक अधिकारी व पाच नौसैनिकांना प्राण गमवावे लागले.

तरीही ‘जलाश्व’ने आपली उपयुक्तता सिद्ध केली, हे नाकारता येणार नाही. मे २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना घेऊन ते मालेहून कोचीला आले. ‘समुद्र सेतू’ मोहिमेत नौदलाने एकूण ३,९९२ नागरिकांना मायदेशी आणले, त्यात या जहाजाचा वाटा मोठा होता. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपसारखी बेटे सांभाळणाऱ्या देशाला युद्धात आणि आपत्तीतही अशा जहाजाची गरज भासतेच.

खरा प्रश्न आहे तो दिरंगाईचा. अशी चार जहाजे देशातच बांधण्यासाठी २०१३ मध्ये निविदा काढण्यात आल्या. ती प्रक्रिया तडीस गेली नाही. २०२१ मध्ये पुन्हा प्राथमिक माहिती मागविण्यात आली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने या जहाजांच्या खरेदीची गरज मान्य केली. तथापि, अशी मान्यता म्हणजे करार नव्हे. करारानंतरही जहाज पाण्यात उतरण्यास कित्येक वर्षे लागतात.

‘जलाश्व’ ही तात्पुरती सोय होती. नौदलाने तिच्यावर उभयचर युद्धाचे धडे गिरवावेत आणि दरम्यान स्वदेशी जहाजे तयार व्हावीत, हेच शहाणपणाचे ठरले असते. धडे गिरवून झाले. जहाजे मात्र कागदावरच राहिली. जुने जहाज दुरुस्तीसाठी गोदीत असताना संकट आले, तर काय करायचे, याचे उत्तर त्या कागदांत सापडणार नाही.