अर्थ मागाहून चिकटवलेली नावे

गेल्या मार्गशीर्षात आदिलाबादेत आमच्या आप्तांकडे बारसे होते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, 'रेयांश'. पंक्तीतल्या एका वृद्धांनी अर्थ विचारला. बाळाच्या पित्याने मोबाईलमध्ये पाहून उत्तर दिले, "विष्णूचा अंश." वृद्धांनी भक्तिभावाने हात जोडले. ते जोडलेले हात आम्हांस अद्याप टोचत आहेत.

'रेय' म्हणजे विष्णू हे आपट्यांच्या संस्कृत कोशाला ठाऊक नाही. दुसऱ्या एका यादीत हेच नाव 'प्रकाशकिरणाचा अंश' होते. म्हणजे इंग्रजी 'रे' आणि संस्कृत 'अंश' यांचा गांधर्वविवाह! मुळात हा 'रे' आला पंचांगातून. अवकहडा चक्रात स्वातीच्या दुसऱ्या चरणाला 'रे' आणि मृगाच्या चौथ्या चरणाला 'की' हे अक्षर येते. पूर्वी त्यावरून ठेवलेले जन्मनाव पत्रिकेत राही. व्यवहारात पणजोबांचे वा कुलदैवताचे नाव चाले. आता दोन्ही एक झाली आणि अक्षर तेवढे उरले. जवळच्या माहूरची रेणुका ज्या घराची कुलस्वामिनी, त्या घरात 'रे' वरून 'रेणुकादास' सुचू नये, याला काय म्हणावे?

'कियारा'चा अर्थ एका यादीत 'तेजस्वी', दुसरीत 'काळ्या केसांची'. दोन्ही खरे, कारण पहिला इटालियन नावाचा आणि दुसरा आयरिश नावाचा. आपला एकही नाही. 'मायरा' हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांसाठी रचले. राजस्थानात मात्र मायरा म्हणजे भाच्यांच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. 'अनय' तर संस्कृतात सरळ अनीतीला म्हणतात.

नवे नाव ठेवूच नये, असा आमचा सोवळेपणा नाही. १९३३ साली जन्मलेल्या अमर्त्य सेनांचे नाव रवींद्रनाथांनी सुचविले. त्या काळी ते कानांना नवेच होते, परंतु त्यातील प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो. आणि जुनी नावे गोड होती, असेही नव्हे. आधीची मुले दगावली म्हणून धोंडिबा, केरबा अशी नावे ठेवीत, मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून. त्यांचा अर्थ घरातल्या मोलकरणीलाही कळे. 'नकुशी'चा अर्थ तर इतका स्पष्ट होता की २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलावी लागली. क्रूर नावाला निदान जाब विचारता येतो. निरर्थक नावाला काय विचारणार?

किनवट १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. ते नांदेडला गेले, आपण येथे राहिलो. आज आपल्या घरांतली नातवंडे तेलुगू आणि इंग्रजी शाळांत शिकतात. पुष्कळांना हे पानही वाचता येणार नाही. स्वतःचे नाव हा एकच आपल्या भाषेतला शब्द ती जन्मभर लिहितील. तोही यादीवाल्यांच्या हवाली करायचा?

घाईचे कारणही नाही. जन्मनोंदीत बाळाचे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र हाच दाखला लागणार, हे ध्यानी असू द्यावे.

त्या बाळाच्या नावाची नोंद अजून व्हायची आहे, असे कळते.