विश्लेषण : पन्नाशीची परदेशी मोटार परंदवडीत आणता येईल, पण कर कोणत्या न्यायाने?

परंदवडीतल्या एखाद्या शौकिनाने इंग्लंडमधली १९७० ची मोटार विकत घेऊन घरी आणायची ठरवली, तर आता कायद्याची आडकाठी नाही. पूर्वी ही वाट १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. २०२५ मध्ये केंद्राने पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाड्यांना आयातीची मुभा दिली. खरी अडचण पुढे आहे, बंदरावरच्या बिलात.

कर किती?

वापरलेल्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क १२५ टक्के होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर आले. पण सोबत ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला. आधीचा अधिभार जमेस धरला तर बोजा होता तेवढाच, १३७.५ टक्के. (इंद्रायणी भात पिकवणाऱ्या मावळात मोटारीवर शेतीच्या नावाने उपकर, हाही एक योगच.) वाहतूक आणि विम्यासह गाडी २० लाखांना पडली, तर शुल्क साडेसत्तावीस लाख. त्यावर पुन्हा जीएसटी.

आणि एवढे भरून ती चालवायची कुठे?

२०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी होते. पाटीवर ‘एमएच’नंतर ‘व्हीए’ येते. मावळच्या सवयीचा १४ आकडा नसतो. रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन किंवा दुरुस्तीसाठीच. रविवारी सोमाटणे फाट्यावरून लोणावळ्याला भजी खायला जाणे यात बसत नाही.

म्हणजे वापराची वेळ आली की गाडी वारसा, आणि कराची वेळ आली की चैनीचे वाहन. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, उत्पादन बंद झालेली मोटार संग्रहाची वस्तू मानली जाते : सीमाशुल्क शून्य, व्हॅट पाच टक्के. श्रीमंतांच्या छंदाला सवलत कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण जुनी गाडी उभी करायला पत्राकाम, रंगकाम, सीटचे काम करणारे हात लागतात आणि तळेगाव-चाकण पट्ट्यात ते आहेत. वापरावरची बंधने ठेवून कर उतरवला, तर सरकारचे फारसे काही बुडणार नाही.

अवाजवी कर चोरवाटांनाही खतपाणी घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सने भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून वापरलेल्या आलिशान गाड्या जप्त केल्या. त्या विंटेज नव्हत्या. पण असा माल उघडकीस आला की गाडी ज्याच्या दारात उभी, त्याच्याच दारातून ती उचलली जाते.

त्यामुळे कोणी ‘इम्पोर्टेड जुनी गाडी, कागद नंतर देतो’ म्हणाला, तर आधी कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री मागावे. आयात गाडीच्या विंटेज नोंदणीच्या अर्जाला ते जोडावेच लागते. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळेपर्यंत बयाणा देऊ नये.