मासोळी निर्दोष, धंदा नव्हे

ढिवराच्या हातावर चामखीळ आली की दोन निकाल तयारच असतात. गाव म्हणते, मासोळीच्या पाण्याने आली. शिकलेला म्हणतो, हा विषाणू आहे, धंद्याचा काय संबंध? दोन्ही निकाल अर्धवट आहेत. मला दुसरा जास्त खटकतो, कारण तो शास्त्राच्या नावाने दिला जातो.

आधी मासोळीची सुटका करू. चामखीळ होते ती ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे. तो माणसाच्याच कातडीत वाढतो. रोहूत नाही, मरळीत नाही, बोकडातही नाही. नवेगावबांधच्या तलावाला त्यापायी बोल लावण्यात अर्थ नाही.

मग धंदाही सुटला? मुळीच नाही. खाटकांच्या हातांवरच्या चामखिळींत या विषाणूचा सातव्या क्रमांकाचा प्रकार वारंवार सापडला आहे. इतरांत तो क्वचितच दिसतो. मासे साफ करणाऱ्यांच्या हातांवरही चामखिळी जास्त आढळतात, असे युरोपातल्या पाहण्या सांगतात. प्राणी विषाणू देत नाही, तर हे घडते कसे? गोंदियातल्या मासळीच्या दुकानापुढे जरा थांबून पाहा. पावशीवर बसलेल्या बाईचे हात सकाळपासून ओले, बर्फाने गारठलेले, बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. त्यात खवल्यांचे ओरखडे, शिंगाळ्याचा काटा. धड कातडी विषाणूला सहसा आत घेत नाही. भिजून फाटलेली घेते. मग तीच पावशी, तेच फडके दुसऱ्याच्या हाती जाते. रोवणीत पायांना चिखल्या का होतात हे ज्याला कळते, त्याला हे वेगळे समजावायला नको.

बिब्बा लावून चामखीळ जाळणारे तर नवी जखम करून विषाणूला आणखी वाट देतात. चामखिळीला बांधतात त्या घोड्याच्या केसाची कीर्तीही फुकटची. पोरांच्या चामखिळी पुष्कळदा दोनेक वर्षांत आपोआप जातात, श्रेय केसाला मिळते.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत प्राण्यांची कलेवरे हाताळताना होणारे संसर्ग व्यावसायिक रोगांत धरले होते. पण त्या कायद्याला मालक लागायचा. स्वतःचे जाळे टाकणाऱ्या ढिवराने तो कुठून आणायचा?

म्हणून तलावांचे ठेके घेणाऱ्या मच्छीमार संस्थांनी जाळ्यांच्या खर्चातच रबरी हातमोजे आणि चिकटपट्ट्या धराव्यात, आणि प्रत्येकीची पावशी वेगळी ठेवावी. चामखीळ आलीच तर सॅलिसिलिक आम्लाचे औषध आहे, गोठवून काढण्याची सोय आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र ते आम्ल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.