लय, कान आणि कळ

हणजूणच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या नृत्यसंगीताविषयी आमच्याकडे बोलले जाते ते एकतर गोंगाटाबद्दल, नाहीतर पर्यटनाच्या उत्पन्नाबद्दल. दोन्ही प्रश्न खरे आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी घालणारे २००० सालचे नियम पाळलेच पाहिजेत आणि झोपमोड झालेल्या गावकऱ्याची तक्रार शासनाने ऐकलीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्या मंचावर उभा असलेला डीजे नेमके करतो काय, हे कोणी विचारीत नाही.

ही कला न्यूयॉर्कमधील. १९६९-७० च्या सुमारास 'सँक्च्युअरी' या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो याने एक तबकडी वाजत असतानाच दुसरी कानाशी लावून ऐकण्यास आणि ठोक्यावर ठोका बसवून ती सोडण्यास आरंभ केला. एक लय सभागृहात, दुसरी कानात, आणि दोहोंचा हिशेब एकाच मनात! खाप्रुमामा पर्वतकरांनी दोन हातांनी दोन निराळे ताल धरल्याच्या कथा ज्या गोमंतकात अजून सांगतात, तेथे तरी या कसबाची थट्टा होऊ नये. (खाप्रुमामांची साधना अर्थातच फार वरची.)

पुढे तंत्र बदलत गेले ते साधनांबरोबर. 'टेक्निक्स'च्या १९७९ च्या यंत्रात तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकपट्टी आली. तोवर ढोल वाजविणारा माणूसच असल्याने लय किंचित हलत असे व दोन तबकड्यांची जोडी फार वेळ टिकत नसे. ऐंशीच्या दशकात तालयंत्रे आली, लय अचल झाली आणि दोन रचना मिनिटेच्या मिनिटे एकमेकींवर वाजू लागल्या. मग रचनाकारही आरंभी व शेवटी नुसता ताल ठेवू लागले. सांधा जुळावा एवढ्याचसाठी. वादकाच्या सोयीने रचनेचा घाट बदलला, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

आमच्या किनाऱ्यावर निराळेच घडले. तबकड्या वाहून आणण्यास जड, उन्हाने वाकणाऱ्या. म्हणून येथे कॅसेटी आणि १९८७ नंतर 'डॅट' फिती वापरात आल्या. या फितींचा वेग सहसा बदलता येत नसे, ठोका जुळविणे अशक्यप्राय. तेव्हा सांधा धरला जाई तो ताल थांबून केवळ नाद उरलेल्या जागी. 'गोवा ट्रान्स' म्हणून जगभर गेलेल्या संगीतातील त्या लांबलचक तालहीन आरंभामागे ही अडचणही आहे. २०२३ मध्ये निवर्तलेल्या गोवा गिल यांनी अखेरपर्यंत 'डॅट'चाच आग्रह धरला.

२००१ मध्ये 'पायोनियर'चे सीडी वाजविणारे यंत्र आले, मागोमाग संगणक. आणि आता एक कळ दाबली की लय आपोआप जुळते. जुनी मंडळी हळहळतात. आम्ही पूर्णतः त्यांच्या बाजूचे नाही. जुळवणीतून सुटलेला हात तीन-चार रचना एकत्र गुंफू शकतो, एकीचा आवाज दुसरीच्या तालावर ठेवू शकतो. चिंता वेगळीच आहे. भव्य मंचांवर दिवे आणि आतषबाजी संगीताशी आधीच बांधलेली असल्याने श्रोत्यांकडे पाहून वाट बदलण्याची मुभाच उरत नाही. डेडमाऊस या नामवंताने २०१२ मध्ये स्वतःच ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली होती. रंगलेल्या मैफलीत गायक ठरविलेला राग बाजूस सारतो, ते स्वातंत्र्य गमावलेल्यास कलावंत का म्हणावे?

पर्यटनासाठी हे नाव मिरविणाऱ्या आमच्या सरकारने एक काम तातडीने हाती घ्यावे. 'डॅट' यंत्रांची निर्मिती 'सोनी'ने २००५ मध्येच थांबविली. चालू स्थितीतील यंत्रे आता दुर्मिळ होत आहेत आणि आमच्या दमट हवेत चुंबकी फिती फार काळ तग धरीत नाहीत. ज्या घरांत त्या अद्याप असतील, तेथून त्या मागवून घेऊन त्यांच्या प्रती उतरविण्याचे काम पुराभिलेख खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे.